चौऱ्याऐंशी नमुने सदोष नाहीत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक आदरणीय सर, प्रमुख पाहुणे आणि विश्वस्त मंडळाचे मानद अध्यक्ष, ज्यांना आपण सगळे आदराने दादासाहेब म्हणतो ते दादासाहेब, व्यासपीठावरचे विभागप्रमुख, समोर बसलेले शास्त्रज्ञ, संशोधक विद्यार्थी, कार्यालयातली मंडळी, या इमारतीच्या साऱ्या किल्ल्या ज्यांच्या खिशात असतात ते आमचे पहारेकरी काका, आणि शेवटच्या रांगेत दाराजवळची खुर्ची अडवून बसलेले आमचे हे. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी मघाशी हळूच कानात सांगितलं, मावशी, पाचच मिनिटं हं. ताई, एकतीस वर्षांत मी या माइकसमोर कधी उभी राहिले नाही. तेव्हाची मिनिटं शिल्लक असतीलच कुठेतरी, त्यातली थोडी आज घेते. चहा जरा उशिरा मिळेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

आत्ता सरांनी माझं मानपत्र वाचलं. किती सुंदर वाचलं! मला तर वाटत होतं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. त्यातलं एक वाक्य मी मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. 'एकतीस वर्षांच्या सेवेत ज्यांच्या हातून एकाही नमुन्याची हाताळणी चुकली नाही.' टाळ्याही त्याच वाक्याला पडल्या. खाली सरांची सही आहे, संस्थेचा शिक्का आहे.

आता माझ्या पर्समध्ये आणखी एक कागद आहे. गेल्या महिन्यात आपल्या संस्थेचा अंतिम अहवाल छापून आला, 'दक्षिण आशियातील लोकसमूहांचा जनुकीय पूर्वेतिहास'. त्याचं हे परिशिष्ट चार. वाचते. 'वरची आळी व खालची आळी येथील एकूण चौऱ्याऐंशी नमुन्यांची प्रयोगशाळा तंत्रज्ञांकडून हाताळणीत अदलाबदल झाल्याचे दिसत असल्याने ते सदोष मानून अहवालातून वगळण्यात येत आहेत. सदर नमुने पुढील महिनाअखेर नष्ट करावेत.' खाली सही सरांचीच आहे आणि शिक्काही तोच.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणजे कोण? या संस्थेत त्या पदावर एकच बाई आहे. ती तुमच्यासमोर उभी आहे.

सर, मला एवढंच विचारायचं आहे, यातला खरा कागद कोणता? दोन्ही तर खरे असू शकत नाहीत. मानपत्र खरं असेल तर परिशिष्ट खोटं. परिशिष्ट खरं असेल तर मला हा सत्कार नको, पुष्पगुच्छ नको, भेट म्हणून दिलेलं भिंतीवरचं घड्याळही नको. तसंही उद्यापासून मला वेळ बघायचं काही कारण नाही.

घाबरू नका ताई, माइक चालू राहू द्या. मी आवाज चढवणार नाही.

समोर कितीतरी नवी मुलं-मुली आहेत, कुणाकुणाचे पाहुणेही आले आहेत. त्यांना वाटेल, या बाई कशाबद्दल भांडतायत? म्हणून थोडं सांगते. मी शास्त्रज्ञ नाही. माझं काम एवढंच की रक्त आलं की त्यातून डीएनए वेगळा काढायचा, नळीत भरायचा, नंबर घालायचा, रजिस्टरात लिहायचं. पण भांडी घासणाऱ्या बाईला घरात काय शिजलं ते कळतंच की नाही? तसं मलाही कळत गेलं.

आपल्या उपखंडातल्या कुणाचाही डीएनए घ्या, त्यात साधारण तीन जुने धागे सापडतात. एक धागा इथल्या सगळ्यात जुन्या माणसांचा, हजारो वर्षं इथेच शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्यांचा. दुसरा, पश्चिमेला इराणच्या पठाराकडे जे प्राचीन लोक होते त्यांच्याशी नातं सांगणारा. आणि तिसरा, साधारण चार हजार ते साडेतीन हजार वर्षांपूर्वी उत्तरेच्या गवताळ माळांवरून गुरं हाकत आलेल्यांचा. कुणात एक जास्त, कुणात दुसरा, काही समूहांत पूर्वेकडचाही एखादा. पण बहुतेकांत तिन्ही आहेतच. पुढे दोन हजार वर्षं हे लोक एकमेकांत मिसळत राहिले, लग्नं करत राहिले. मग कधीतरी, आजपासून दोनेक हजार वर्षांपूर्वी, एकेका समूहाने आतून कडी घातली आणि आमची सोयरीक आमच्यातच, असं सुरू झालं. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. इथे बसलेल्या कुणालाही विचारा, फक्त व्यासपीठावरच्यांना आज नको, त्यांना अवघड जाईल.

आता आपल्या दोन आळ्या. रस्ता एक, पिठाची गिरणी एक, पण केशकर्तनालयं दोन आणि चहाची दुकानंही दोन. वरची आळी म्हणते, आम्ही फार लांबून घोड्यावरून आलो, आमचं रक्त निराळं. खालच्या आळीत मुलगी देणं सोडा, त्यांच्या घरचं पाणीही घेत नाहीत. दादासाहेब, आपण वरच्या आळीचे. हे काही मी फोडलेलं गुपित नाही, या सभागृहाच्या बाहेर जी पाटी आहे तिच्यावर आपल्या घराण्याचं वर्णन आठ ओळींत कोरलेलं आहे.

तर वरच्या आळीतून सेहेचाळीस जणांनी रक्त दिलं, खालच्या आळीतून अडतीस जणांनी. निकाल काय आला? तिन्ही धागे दोन्ही आळ्यांत, आणि तेही जवळजवळ सारख्याच मापात. एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित खपूनही गेलं असतं. पण दोन्ही आळ्यांतल्या माणसांच्या डीएनएत लांबच्या लांब तुकडे अगदी एकसारखे निघाले. दर पिढीत हे कापड कातरलं जातं, तुकडे लहान लहान होत जातात. तुकडा अजून लांब आहे म्हणजे नातं जवळचं आहे. हिशेब करणाऱ्यांनी सांगितलं, दहा-बारा पिढ्या. दहा पिढ्या म्हणजे किती लांब? तुमच्या आजोबांचे आजोबा, त्यांचे आजोबा, त्यांचे आजोबा आणि त्यांचे आजोबा. संपलं. तिथे दोन्ही आळ्या एकाच घरात जेवत होत्या.

हा मसुदा गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत याच सभागृहात वाचला गेला. दादासाहेब, आपण पहिल्या रांगेतून उठून गेलात. मला आपला राग आला नाही, खरंच नाही. लहानपणापासून कानावर पडलेली गोष्ट एका दुपारी कुणी खोटी ठरवली तर मीही उठून गेले असते. राग आला तो पुढच्या गोष्टीचा. तीन जणांची समिती नेमली. समितीने दोन बैठका घेतल्या. मला बोलावलं नाही. रजिस्टर मागवलं नाही. आणि नमुन्यांची अदलाबदल झाली असं ठरवून मोकळी झाली.

हे ऐकून आमचे हे काय म्हणाले माहीत आहे? हे बस डेपोत मेकॅनिक होते. म्हणाले, "यात नवीन काय? गाडी वेळेत पोचली की ड्रायव्हरचं कौतुक, बंद पडली की मेकॅनिकची चूक. तू कशाला जिवाला लावून घेतेस? निवृत्तीला दोन महिने राहिलेत." मी म्हटलं, "अहो, पण गाडी बंद पडलेलीच नाही ना! ती नको तिथे पोचली म्हणून तिला बंद पडली म्हणतायत." त्यावर हे उठून स्कूटर पुसायला लागले, आणि हे मधेच स्कूटर पुसायला घेतात तेव्हा त्यांना पटलेलं असतं.

बरं, अदलाबदल. अदलाबदल व्हायला दोन्ही वस्तू एका जागी असाव्या लागतात की नाही? वरच्या आळीचं रक्त आम्ही मार्चमध्ये घेतलं. त्याचा डीएनए काढून, वाचून, सगळी माहिती संगणकात भरून जुलैत काम संपलं. खालच्या आळीत आम्ही गेलो नोव्हेंबरमध्ये. म्हणजे वरच्या आळीचे निकाल तयार होते तेव्हा खालच्या आळीचं रक्त कुठे होतं? खालच्या आळीच्या लोकांच्या अंगात होतं! आता मी कितीही वेंधळी असले तरी न काढलेलं रक्त नळीत कसं घालणार? रजिस्टराचं पान एकशे बारा आणि पान एकशे शहाण्णव. कुणीही उघडून बघा. किल्ली पहारेकरी काकांकडे आहे.

कुणी म्हणेल, अदलाबदल नसेल, दुसरीकडचं काही मिसळलं असेल. त्यासाठी तर आम्ही कोरी नळी ठेवतो. प्रयोगशाळेत तिला ब्लँक म्हणतात. प्रत्येक बॅचमध्ये एक नळी नुसत्या शुद्ध पाण्याची. तिच्यावर सगळे सोपस्कार इतर नळ्यांसारखेच करायचे. शेवटी तिच्यात काहीही सापडता कामा नये. सापडलं, तर कुणाचा तरी डीएनए हवेतून, हातातून, थुंकीतून आत शिरला आणि ती अख्खी बॅच फेकायची. तो कुणाचा हेही कळतं, कारण इथे काम करणाऱ्या प्रत्येकाचा डीएनए आधीच घेऊन ठेवलेला असतो. मला गेल्या वर्षी कुणीतरी आडून विचारलं होतं, "मावशी, तुम्ही नक्की कुठल्या आळीच्या?" त्यांना सांगते, माझीही नळी तिथेच आहे, तिसऱ्या कपाटात. तिन्ही धागे आहेत माझ्यात. खुशाल बघा.

एकदा कोरी नळी बोलली होती. सर, सांगू ना? तुम्ही स्वतःच दरवर्षी नव्या मुलांना सांगता, म्हणून धीर करते. सर तेव्हा सर नव्हते, नुकतेच रुजू झालेले संशोधक होते. चष्मा मास्कच्या वाफेने धूसर व्हायचा म्हणून ते मास्क हनुवटीवर ओढून काम करायचे. मी रोज ओरडायची. एक दिवस शिंक आली. कुणी बघितलं नाही, मीसुद्धा नाही. पंधरा दिवसांनी कोऱ्या नळीत चक्क सर सापडले! तीस नमुने वाया गेले. मी रजिस्टरात लिहिलं, 'कोरी नळी भरली, बॅच रद्द.' नाव लिहिलं नाही. नवा माणूस, नोकरी कच्ची, कशाला उगाच. संध्याकाळी सर आले, रजिस्टर मागितलं, आणि माझ्या ओळीखाली स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहून तारीख घातली. म्हणाले, "मावशी, नाव नसेल तर उद्या कुणी तुम्हाला बोल लावेल."

सर, त्या दिवशी मी घरी जाऊन ह्यांना सांगितलं होतं, हा माणूस मोठा होणार. तुम्ही झालात. मला किती अभिमान वाटला होता, ते मी कधी बोलले नाही, आज बोलते. आणि आज मला तुमची लाज वाटते, हेही आजच बोलते. माझ्या नावावर बोल लावणाऱ्या कागदावर तुम्हीच सही केलीत. नवी इमारत हवी होती, मला ठाऊक आहे. यंत्रं जुनी झालीत, विश्वस्त नाराज झाले तर इथली पन्नास माणसं घरी बसतील, तेही ठाऊक आहे. तुम्ही मला एकदा खोलीत बोलावून हे सांगितलं असतंत तर मी तुमच्याबरोबर बसून रडले असते. पण त्या चौऱ्याऐंशी नमुन्यांना सदोष म्हणू दिलं नसतं.

त्यांच्या बॅचच्या कोऱ्या नळ्या सात. सातही कोऱ्या. रक्त अजून फ्रीझरमध्ये आहे, उणे ऐंशीवर. दुसऱ्या देशातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत पाठवा, आमचा कुणाचा हात लागू न देता तपासा. मग घाई कसली आहे? सदोष वस्तू ठेवायची अडचण होते, की निर्दोष वस्तू ठेवायची भीती वाटते?

आता जरा पाणी पिते.

ज्यांचं रक्त आहे त्यांच्याबद्दल तर कुणी बोललंच नाही. संमतीपत्राचा मसुदा होत होता तेव्हा तो मला वाचायला दिला होता, सुई मीच टोचणार म्हणून. मी म्हटलं, यात एक वाक्य घाला. कलम नऊ. 'नमुना देणाऱ्याने लेखी मागणी केल्यास त्याचा निकाल त्याला समजेल अशा भाषेत सांगितला जाईल, आणि मागणी प्रलंबित असेपर्यंत नमुना नष्ट केला जाणार नाही.' तेव्हा सगळे हसले. म्हणाले, मावशी, कोण मागतंय! पण घातलं. आणि रक्त घेताना प्रत्येकाला मी तोंडाने सांगितलं, निकाल आला की कळवू. चौऱ्याऐंशी वेळा सांगितलं. संस्था ते विसरली असेल, मला विसरता येईना.

म्हणून गेले चार रविवार आमचे हे मला स्कूटरवरून तिकडे सोडत होते. मी कुणाचे पत्ते नेले नाहीत, ते गोपनीय असतात. निकालही कुणाला सांगितले नाहीत, तो अधिकार माझा नाही. जिथे रक्त घेतलं होतं त्या शाळेच्या व्हरांड्यात नुसती जाऊन बसले. लोकांनी ओळखलं. "सुईवाल्या बाई आल्या," म्हणत आले. मी म्हटलं, तुम्हाला निकाल हवा असेल तर लेखी मागावा लागेल, नको असेल तर घरी जा, माझं काही म्हणणं नाही. काही जण गेले. वरच्या आळीतल्या एका गृहस्थांनी तर मला व्हरांड्यातून उठायला सांगितलं. मी उठले, पायरीवर बसले.

दादासाहेब, तिसऱ्या रविवारी आपल्या मातोश्री आल्या होत्या. सुनेचा हात धरून, गुडघ्याला पट्टा बांधून. त्यांनी मार्चमध्ये रक्त दिलं होतं, ते बहुधा आपल्याला त्यांनी सांगितलं नसावं. मला म्हणाल्या, "आमच्या घराण्याचा इतिहास लिहिलाय मुलाने. त्यात सतरा पिढ्यांचे पुरुष आहेत. बायकांच्या जागी नुसतं 'पत्नी' लिहिलंय. मी शहाऐंशीची झाले, मलाच माझ्या आईच्या आईचं नाव सांगता येत नाही. तुमच्या त्या नळीत माझ्या आईकडचं काही कळतं का?" मी म्हटलं, कळतं. आईकडून लेकीकडे येणारा एक धागा असतोच, तो तुटत नाही. त्या म्हणाल्या, "मग मला हवंय." मी म्हटलं, आजी, जे निघेल ते वरच्या आळीला आवडेलच असं नाही. दोन दिवस विचार करा. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी कागद पुढे केला.

त्यांना लिहायला त्रास होतो. सुनेने लिहून घेतलं, त्यांनी सही केली. हे सभेत वाचू का, असं मी विचारलं होतं. म्हणाल्या, "वाच, आणि मुलगा समोर असताना वाच." दादासाहेब, मी वाचते. 'रक्त माझे आहे, मी माझ्या मर्जीने दिले आहे. ते मुलाच्या परवानगीने दिले नव्हते व त्याच्या परवानगीने फेकता येणार नाही. निकाल काय तो मला सांगावा. माझ्या आईचे मूळ काय होते ते कळून मला मरायचे आहे.'

असे सदुसष्ट अर्ज या पाकिटात आहेत. छत्तीस खालच्या आळीचे, एकतीस वरच्या आळीचे. शेवटच्या रविवारी गर्दी झाली तेव्हा रांग एकच लागली होती, कारण टेबल एकच होतं. पेनं दोनच होती, ती फिरत होती.

सर, मघाशी तुम्ही मला पुष्पगुच्छ दिलात, माझ्याकडून हे घ्या. उठायची तसदी नको, मी आणून देते. वरच्या प्रतीवर पोच म्हणून सही करा आणि आजची तारीख घाला. तुम्हाला स्वतःचं नाव लिहायला कधीच जड गेलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी थांबते. सगळेच थांबतील.

धन्यवाद, सर.

आता कलम नऊप्रमाणे या सदुसष्ट जणांची एकही नळी फ्रीझरबाहेर जाणार नाही. बाकीच्या सतरा जणांची दारं मी वाजवणार नाही, पण शाळेच्या पायरीवर बसलेली दिसेन. उद्यापासून मला रजा मागायची गरज नाही.

एकतीस वर्षं मला सांभाळून घेतलंत, आजारपणात माझी कामं वाटून घेतलीत, माझी ओरड ऐकून मास्क वर ओढलेत, त्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. दादासाहेब, आपण आज उठून गेला नाहीत, त्याबद्दल आपले विशेष आभार. बोलायची सवय नाही. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने माफ करा.

नमुन्यांबद्दल मात्र मी माफी मागणार नाही. तिथे माझी चूक झालेली नाही.

नमस्कार.